तेल घरचे, धूर सर्वांचा

केंद्र सरकारने 2 डिसेंबर 2024 रोजी देशांतर्गत खनिज तेलावरील अतिरिक्त नफ्याचा कर मागे घेतला आणि दुसऱ्याच दिवशी राज्यसभेने तेलक्षेत्र (नियमन आणि विकास) दुरुस्ती विधेयक आवाजी मतदानाने संमत केले. 12 मार्च 2025 रोजी लोकसभेनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. मूळ कायदा 1948 चा, म्हणजे राज्यघटनेहूनही जुना. त्याला नव्या काळाचे रूप देताना सरकारने एकाच कायद्यात दोन इच्छा नोंदवल्या. देशातील तेलाचे उत्पादन वाढावे, ही पहिली. तेलक्षेत्रातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन घटावे, ही दुसरी. दोन्ही इच्छा रास्त आहेत. त्यांचा मेळ कसा घालायचा, हा प्रश्न मात्र कायद्याने नियमांवर सोपवला आहे आणि नियम करण्याचा अधिकार सरकारवर. तेलाच्या राजकारणातील खरी लढत त्यामुळे संसदेच्या सभागृहातून मंत्रालयांच्या दालनांत आणि तेथून तेलविहिरींच्या गावांत सरकली आहे.

आकड्यांची मर्यादा

तेलाच्या परावलंबनाविषयी सरकारची अस्वस्थता खोटी नाही. मार्च 2015 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ‘ऊर्जा संगम’ परिषदेत तेल आयातीवरील अवलंबित्व 2022 पर्यंत दहा टक्क्यांनी घटवण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. त्या वेळी देशाच्या गरजेपैकी सुमारे 77 टक्के तेल बाहेरून येत होते. 2024-25 मध्ये हे प्रमाण 88 टक्क्यांवर गेले. उद्दिष्ट चुकले, इतकेच नव्हे, तर गाडी उलट दिशेने गेली. देशातील खनिज तेलाचे उत्पादन 2011-12 मध्ये सुमारे 3 कोटी 80 लाख टन होते. 2024-25 मध्ये ते 2 कोटी 90 लाख टनांच्याही खाली आले.

याचे मुख्य कारण भूगर्भात आहे. देशाच्या उत्पादनाचा कणा असलेली जुनी क्षेत्रे थकली आहेत. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने शोधलेल्या मुंबई हायचे उत्पादन 1989 मध्ये दिवसाला सुमारे 4 लाख 70 हजार पिंपांच्या शिखरावर होते. 2024 मध्ये ते 1 लाख 34 हजार पिंपांवर उतरले. जानेवारी 2025 मध्ये ओएनजीसीने या क्षेत्रासाठी ‘बीपी’ या ब्रिटिश कंपनीला तांत्रिक भागीदार नेमले ते याच घसरणीमुळे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील खोल समुद्रातून जानेवारी 2024 मध्ये पहिले तेल निघाले आणि 15 ऑगस्ट 2025 रोजी लाल किल्ल्यावरून खोल समुद्रातील शोधमोहिमेची घोषणाही झाली.

तथापि, या साऱ्या प्रयत्नांना यश आले, तरी त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. देशाचे उत्पादन 2011-12 च्या पातळीवर परत गेले, असे गृहीत धरले, तर वर्षाला जेमतेम 90 लाख ते एक कोटी टनांची भर पडेल. पेट्रोलियम पदार्थांचा देशातील खप 2023-24 मध्ये सुमारे 23 कोटी 40 लाख टन होता. तो पुढच्या एका वर्षात सुमारे 50 लाख टनांनी वाढला. म्हणजे दशकभराच्या खटाटोपाने जे मिळवायचे, ते मागणीची वाढ दोन वर्षांत गिळून टाकते. स्वदेशी तेलाने परकीय चलन वाचते, रोजगार मिळतो, संकटकाळी थोडा आधार मिळतो. तथापि, त्याला ऊर्जा स्वावलंबनाचे नाव देणे म्हणजे हंड्याला गळती असताना वाटीने पाणी भरत राहणे होय.

ग्लासगोची भाषा आणि पंपावरची भाषा

हवामान धोरणाच्या आघाडीवर भारताची कामगिरी विजेच्या क्षेत्रात ठळक आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगो येथे पंतप्रधानांनी 2070 पर्यंत ‘नेट झिरो’चे वचन दिले. वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनेतर स्रोतांची करण्याचे 2030 चे उद्दिष्ट देशाने 2025 च्या मध्यालाच गाठले. तेलाबाबतची भूमिका मात्र अधिक सावध आहे. ग्लासगोत केवळ कोळशाकडे बोट दाखवले जात असताना भारताने हरकत घेतली आणि पुढच्या वर्षी शर्म अल शेख येथे सर्वच जीवाश्म इंधनांचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मागणी केली. ती मागणी न्यायाची होती. श्रीमंत देशांचे तेल निर्दोष आणि गरीब देशांचा कोळसा अपराधी, ही विभागणी कोणालाही पटणारी नाही.

तथापि, परिषदेत केलेली मागणी घरी परत आल्यावर आपल्यालाही लागू होते. येथे पेट्रोलियम मंत्रालयाचा युक्तिवाद ऐकण्याजोगा आहे: आपण विहीर खणली नाही, तर तेच पिंप आखाती देशांतून किंवा रशियातून येईल, धूर तेवढाच होईल आणि पैसा मात्र बाहेर जाईल. हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. जाळलेल्या तेलाचा धूर त्याचे जन्मस्थान विचारत नाही. परंतु त्याचाच दुसरा अर्थ असा की, हवामानाच्या हिशेबात निर्णायक आहे ती मागणी. विहिरींची संख्या नव्हे. मागणी घटवण्याचे उपाय म्हणजे रेल्वेचे विद्युतीकरण, सार्वजनिक वाहतूक, विजेवरील वाहने आणि इथेनॉल.

आणि मागणीच्या आघाडीवर जनमत सर्वांत हळवे असते. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये आणि डिझेलचे दर ऑक्टोबर 2014 मध्ये कागदोपत्री मुक्त झाले. प्रत्यक्षात मार्च 2024 मध्ये लोकसभा निवडणुकीची घोषणा होण्याच्या एक-दोन दिवस आधी दर लिटरमागे दोन रुपयांनी उतरले. सत्तेवर कोणताही पक्ष असो, पंपावरील फलक हाच मतदाराचा हवामान अहवाल असतो, हे दिल्लीला ठाऊक आहे. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे 2030 चे उद्दिष्ट पाच वर्षे आधी गाठले गेले. महाराष्ट्रातील साखर कारखान्यांना त्यातून हक्काचा ग्राहक मिळाला. परंतु 2025 मध्ये वाहनधारकांनी इंजिन आणि मायलेजविषयी तक्रारींचा सूर लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने याचिका फेटाळली. ग्राहकाला विश्वासात न घेतल्याची खंत मात्र उरली.

सुनावणीचे बंद झालेले दार

तेलविहिरीच्या शेजारी राहणाऱ्या लोकांचे मत हा या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पर्यावरण मंत्रालयाने जानेवारी 2020 मध्ये एका अधिसूचनेद्वारे तेल आणि वायूच्या शोधकार्याला ‘ब-2’ वर्गात टाकले. या वर्गातील प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा सविस्तर अहवाल आणि जनसुनावणी यांची अट राहत नाही. प्रत्यक्ष उत्पादनाच्या टप्प्यावर ती कायम आहे, असे समर्थन केले जाते. परंतु तोवर शोधावर मोठी रक्कम खर्च झालेली असते. अशा वेळी होणारी सुनावणी म्हणजे लग्नाची तारीख ठरल्यावर मुलीला विचारण्यासारखे आहे.

त्याच वर्षी आसामने या घाईची किंमत पाहिली. 27 मे 2020 रोजी तिनसुकिया जिल्ह्यातील बाघजान येथे ऑइल इंडियाच्या विहिरीतून वायूचा अनियंत्रित स्फोट झाला. 9 जूनला तिने पेट घेतला. दोन अग्निशामक कर्मचारी मृत्युमुखी पडले, हजारो लोकांना छावण्यांत जावे लागले, दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानालगतच्या मागुरी-मोटापुंग पाणथळीची हानी झाली. विहीर पूर्णपणे शांत करण्यास 15 नोव्हेंबर उजाडला. हाच तो आसाम, जेथे आंदोलनाच्या काळात ‘रक्त देऊ, पण तेल देणार नाही’ ही घोषणा घुमली होती. तेलाचा प्रश्न तेथे कधीच केवळ आर्थिक नव्हता.

तमिळनाडूने वेगळा मार्ग धरला. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नेडुवासल आणि कतिरामंगलम येथे 2017 मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. अखेर अण्णा द्रमुक सरकारने फेब्रुवारी 2020 मध्ये संरक्षित कृषी विभागाचा कायदा करून तेथे नव्या तेल व वायू प्रकल्पांना मनाई केली. सत्तांतरानंतर आलेल्या द्रमुकनेही तो कायदा कायम ठेवला. कोकणाचा अनुभव तेलशुद्धीकरणाचा असला, तरी धडा तोच आहे. नाणारचे भूसंपादन 2019 च्या निवडणुकीच्या तोंडावर रद्द झाले, 2022 मध्ये बारसूचे नाव पुढे आले आणि एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणासाठी पोलिसांचा मोठा बंदोबस्त लावावा लागला. सुनावणीचे दार बंद केले, म्हणून जनमत संपत नाही. ते रस्त्यावर येते आणि निवडणुकीच्या वर्षात मंत्रिमंडळात शिरते.

पंच कोण?

2025 च्या कायद्याची कसोटी येथे लागते. पूर्वी नियमभंगाला सहा महिने कैद किंवा एक हजार रुपये दंड होता. आता कैद गेली आणि 25 लाख रुपयांपर्यंतचा दंड आला. भंग चालू राहिला, तर दिवसाला दहा लाखांपर्यंत. एक हजार रुपयांचा दंड हास्यास्पदच होता. प्रश्न रकमेचा नाही, निवाडा कोण करणार याचा आहे. कायद्यानुसार तो केंद्राने नेमलेला सहसचिव किंवा त्याहून वरच्या दर्जाचा अधिकारी करील. हायड्रोकार्बन महासंचालनालय आणि तेल उद्योग सुरक्षा संचालनालय या दोन्ही संस्था पेट्रोलियम मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहेत. उत्पादन वाढले नाही म्हणून ज्याला जाब विचारला जातो, त्यानेच उत्पादन थांबवण्याचा आदेश द्यावा, अशी ही अपेक्षा आहे. अधिकारी कितीही प्रामाणिक असो, ही रचना त्याला अडचणीत टाकते. तेलावर श्रीमंत झालेल्या नॉर्वेने हा धोका ओळखून 2004 मध्ये सुरक्षेची यंत्रणा तेल संचालनालयापासून वेगळी केली. समुद्रातील तेल उत्पादनावर त्या देशाने 1991 पासूनच कार्बन कर लावला आहे. नॉर्वेने तेल काढणे थांबवले नाही. मात्र पंच आणि खेळाडू यांचे गणवेश वेगळे ठेवले.

दुसरा पेच संघराज्याचा. जमिनीवरील तेलाची रॉयल्टी राज्याला मिळते, समुद्रातील तेलाची केंद्राला. मुंबई हायचे तेल अनेक दशके देशाला ऊर्जा देत आले, पण त्याची रॉयल्टी महाराष्ट्राच्या तिजोरीत येत नाही. जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यांच्या घटनापीठाने रॉयल्टी हा कर नसल्याचे स्पष्ट करून खनिजांवरील कराचा राज्यांचा अधिकार मान्य केला. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत हे विधेयक सादर झाले. खाणकामापासून तेल वेगळे काढण्याच्या त्यातील तरतुदीकडे बिगरभाजप राज्यांनी संशयाने पाहिले, यात नवल नाही. धोका राज्याने सोसायचा आणि निर्णय दिल्लीने घ्यायचा, या भावनेवर कोणतेही ऊर्जा धोरण फार काळ उभे राहू शकत नाही.

तेल उत्पादन, हवामान आणि जनमत यांपैकी कोणालाही वगळून हा प्रश्न सुटणार नाही. ओएनजीसीने 2038 आणि इंडियन ऑइलने 2046 ही ‘नेट झिरो’ची वर्षे जाहीर केली आहेत. ही आश्वासने तपासता यावीत, यासाठी प्रत्येक तेलक्षेत्राच्या उत्सर्जनाची आणि जाळून टाकलेल्या वायूची आकडेवारी दरवर्षी संसदेच्या पटलावर ठेवता येईल. त्यासाठी नवा कायदा नको. केवळ इच्छा हवी. शोधकार्याच्या टप्प्यावरील सुनावणी परत आणण्यास एक अधिसूचना पुरे. सुरक्षेची यंत्रणा मंत्रालयाबाहेर काढण्यास मात्र राजकीय धैर्य लागेल. देशाला अजून काही दशके तेल लागणार, हे वास्तव आहे. ते कोणाच्या शेताखालून, कोणाच्या संमतीने आणि कोणाच्या देखरेखीखाली काढले जाणार, हे ठरवणे सरकारच्या हाती आहे. बाघजानसारखी दुसरी विहीर पेटली, तर त्या दिवशी 25 लाखांच्या दंडाची तरतूद दाखवून लोकांचे समाधान होणार नाही.