दुसरा महाचोर

पंचशील ग्रहण करताना आपण जे दुसरे शील उच्चारतो, ते न दिलेली वस्तू न घेण्याचे. पुष्कळांच्या मनात त्या वेळी धान्य, पैसा, दागिने एवढेच येते. भगवान बुद्धांची दृष्टी याहून पुष्कळ खोल होती. विनयपिटकातील पाराजिक प्रकरणात त्यांनी भिक्षूंना पाच महाचोरांची ओळख करून दिली आहे. त्यांतील दुसरा ना कोणाचे घर फोडतो, ना वाटसरूला लुटतो. तो तथागतांनी सांगितलेला धम्म-विनय शिकतो आणि पुढे तो स्वतःचाच म्हणून मिरवितो. ज्याला आज आपण वाङ्मयचौर्य म्हणतो, त्याचा याहून परखड निषेध तो कोणता असावयाचा?

दुसऱ्याचा लेख आपल्या नावाने स्मरणिकेत छापणारे, कवीचे नाव गाळून त्याचे गीत गाणारे आपल्यातही आढळतात. हटकले तर उत्तर तयार असते, ‘समाजाच्या कार्यासाठीच घेतले ना!’ हे समर्थन निदान आपल्या तोंडी तरी शोभत नाही. आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची वेठ उपसली. श्रम त्यांचे आणि मान भलत्याचाच, हा अन्याय आपण भोगला आहे. तोच आपल्या एखाद्या गरीब शाहिराच्या वाट्यास आपणच आणावा काय?

परमपूज्य बाबासाहेबांचे वर्तन या बाबतीत पाहण्यासारखे आहे. कोलंबिया व लंडन येथील विद्यापीठांच्या अत्युच्च पदव्या संपादन केलेल्या या महापंडिताने ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तीत नावीन्याचा दावा आपण करीत नाही, सामग्री अनेक ग्रंथांतून गोळा केली आहे, असे स्वच्छ नमूद केले. अश्वघोषाच्या ‘बुद्धचरिता’चा त्यांनी नाव घेऊन उल्लेख केला, काही प्रसंगांच्या निवेदनात त्याची भाषाही उसनी घेतल्याचे सांगितले. विषयांची मांडणी तेवढी आपली, एवढेच श्रेय त्यांनी स्वतःकडे ठेवले.

परंतु महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला तो या प्रस्तावनेवाचून! पानोपानी आधारांच्या टीपाही नव्हत्या. ज्याने ऋण मोकळेपणाने मान्य केले, त्याचीच ऋणमान्यता वाचकांपर्यंत पोचली नाही. भगवान दास यांनी १९८० साली ती प्रस्तावना पुस्तिकारूपाने प्रकाशात आणली. ती का गाळली गेली, या वादात आम्ही येथे शिरत नाही. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना मूळ पाली ग्रंथ धुंडाळून संदर्भ शोधले, हे त्यांचे उपकार मोठे. कोणते वचन सुत्तातील आणि कोणता विचार बाबासाहेबांचा, हे नवदीक्षित वाचकाला समजलेच पाहिजे. एरवी विरोधकांच्या आक्षेपापुढे तो निरुत्तर होतो. आपले वाक्य बाबासाहेबांच्या नावावर खपविणे हेही पापच, मग ते कितीही भक्तिभावाने केलेले असो.

धम्मबांधवांनी आपल्या घरातील ग्रंथाची प्रत उघडून पाहावी. तीत ही प्रस्तावना नसेल तर प्रकाशकास लेखी जाब विचारावा. आणि पुढील कार्यक्रमात गीत सुरू होण्यापूर्वी ते कोणी रचले, हे गायकाने सांगावे. तो विसरल्यास श्रोत्यांनी विचारावे.