बॅग घेताना खांद्याला विचारा

सहल ठरली की रिझर्वेशनची चर्चा महिनाभर चालते, मासे कुठे चांगले मिळतात याची चौकशी चार जणांकडे होते, आणि बॅग मात्र निघायच्या आदल्या रात्री माळ्यावरून खाली येते. ती कुठल्या तरी परिषदेत फुकट मिळालेली असते, नाहीतर मुलाचं जुनं दप्तर तरी असतं. मुक्कामाच्या मोठ्या बॅगेचा इथे प्रश्न नाही. ती लॉजच्या खोलीत सुखात राहते. प्रश्न आहे तो सकाळी बाहेर पडल्यापासून संध्याकाळी सूर्यास्त होईपर्यंत अंगावर असणाऱ्या बॅगेचा. ती घेताना बहुतेक जण एकच विचारतात, ‘यात मावेल किती?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. आधी वजन किती न्यायचं ते ठरवावं, मग ते अंगावर कसं बसेल ते पाहावं, आणि या दोन अटींत राहील तेवढंच सामान घ्यावं. गाव पायी पाहायचं असेल तर लहान, हलकी आणि दोन्ही खांद्यांवर बसणारी सॅक हीच बहुतेकांच्या सोयीची. बाकी सगळे प्रकार अपवाद म्हणून ठीक आहेत.

हे तपासायला रत्नागिरीइतकं चांगलं गाव नाही. कागदावर इथली स्थळं जवळजवळ दिसतात. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान, भागोजीशेठ कीरांनी उभारलेलं आणि १९३१मध्ये खुलं झालेलं पतितपावन मंदिर, ब्रह्मदेशाच्या थिबा राजासाठी इंग्रजांनी १९१०च्या सुमारास बांधलेला राजवाडा, मग रत्नदुर्ग आणि शेवटी मांडवी किंवा भाट्ये. पाहुण्यांचा एक दिवस यात आरामात जातो. पण हे गाव सपाट नाही. बाजार खाली, थिबा पॅलेस वर, रत्नदुर्ग समुद्रात घुसलेल्या टेकडीवर. भगवतीच्या देवळासाठी पायऱ्या चढायच्या, मग दीपगृहाच्या बाजूला जायचं असेल तर पुन्हा चाल. प्रत्येक देवळाशी वाकून चपला काढायच्या, परत वाकून घालायच्या. एका खांद्यावर अडकवलेली पर्स नेमकी अशा वेळी सरकून कोपरापर्यंत येते आणि चपलेच्या पट्ट्याशी झटापट करणाऱ्या हातावर आदळते. दिवसभरात हे दहा-बारा वेळा झालं की माणूस पुढच्या ठिकाणी म्हणतो, ‘तुम्ही जाऊन या, मी इथेच बसतो.’ थिबा १८८६मध्ये या गावात आला आणि १९१६मध्ये इथेच वारला. तीस वर्षांच्या त्या बंदिवासाची साक्ष देणारा वाडा पाहायला मुंबईहून येऊन कुणी बाहेरच्या कट्ट्यावर बसत असेल, तर ती थकवा आणणारी बॅग महागात पडली म्हणायची.

आता वजनाचा हिशेब करू. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात काटकसर नाही. घडीची छत्री साधारण साडेतीनशे ग्रॅम, पॉवर बँक दोनशेच्या आसपास, खाऊ तीनशे, औषधं, नॅपकिन, पैशाचं पाकीट, किल्ल्या मिळून आणखी तीनशे. हे झालं दोन किलो दीडशे ग्रॅम. त्यात रिकामी सॅक अर्ध्या किलोची धरली तरी सगळं पावणेतीन किलोच्या आत बसतं, आणि दिवसभराला याहून जास्त खरोखर काही लागत नाही. केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणाने शाळकरी मुलांसाठी मर्यादा घातली ती अंगाच्या वजनाच्या १० टक्क्यांची. मोठ्यांसाठी असा नियम नाही, पण साठ किलोच्या माणसाने फिरायला निघताना त्याच्या निम्म्यावर, म्हणजे तीन किलोवर थांबायला काय हरकत आहे? मुलं शाळेत पोचली की दप्तर बाकावर ठेवतात, पाहुण्याला बाक मिळत नाही. अडचण अशी की बॅग जेवढी मोठी तेवढी ती भरली जाते. तीस लिटरच्या सॅकमध्ये पंधरा लिटरचं सामान ठेवून उरलेली जागा मोकळी सोडणारा माणूस मराठी घरात तरी विरळाच. ‘जागा आहे ना, मग स्वेटर असू दे’ हे वाक्य रत्नागिरीच्या दमट हवेतसुद्धा ऐकू येतं. म्हणून संयमावर विसंबण्यापेक्षा बॅगच बारा ते पंधरा लिटरची घ्यावी. नको ते घरी ठेवण्याचं काम मग बॅगच करते.

एका खांद्यावरच्या वजनाचं गणित वेगळं आहे. पर्स घसरू नये म्हणून आपण नकळत तो खांदा उचलून धरतो, मान एका बाजूला ताणली जाते आणि तोल सांभाळायला कंबर दुसरीकडे झुकते. तासाभराच्या खरेदीत हे जाणवत नाही, आठ तासांत जाणवतं. पट्टा बारीक असेल तर आणखी वाईट. तेवढंच वजन एक सेंटीमीटर रुंद पट्ट्यावर आलं तर खांद्यावर पडणारा दाब पाच सेंटीमीटरच्या पट्ट्याच्या पाचपट होतो. आपल्याकडच्या पायी चालणाऱ्यांना हे पुस्तकात वाचावं लागलं नाही. वारकऱ्याच्या खांद्यावरची पडशी पाहा. एक कप्पा पुढे, एक मागे, मधलं रुंद कापड खांद्यावर. वजन पुढे-मागे वाटलं गेलं की अंगाला कुणीकडेच झुकावं लागत नाही. यावर कुणी म्हणेल, एसटीचा कंडक्टर आणि पोस्टमन वर्षानुवर्षं एकाच पट्ट्याची बॅग वागवत आले, त्यांचं काय बिघडलं? आक्षेप रास्त आहे, पण त्यांना मिनिटामिनिटाला बॅगेत हात घालावा लागतो. सुटे पैसे किंवा पत्रं पाठीवर ठेवून त्यांचं काम चालणार नाही. शिवाय कंडक्टर पट्टा डोक्यावरून आडवा घेतो, नुसता खांद्याला अडकवत नाही. पाहुण्याला बॅग उघडावी लागते ती पाणी प्यायला आणि छत्री काढायला. तेवढ्यासाठी दिवसभर एक खांदा गुंतवण्यात शहाणपण नाही. शबनम पिशवीची गोष्टही तीच. दोन पुस्तकं आणि वही असेल तर तिच्यासारखी सुटसुटीत पिशवी नाही, पण पाण्याची बाटली पडली की तिचा बंद मानेशी काचायला लागतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप बायकांकडून येतो आणि तो खरा आहे. साडीवर सॅक घेतली की पदर चुरगळतो, पिन ताणली जाते, पाठ घामाने भिजते. दमट हवेत पाठीला जाळीचं अस्तर असलं तरी घाम येणारच, तो थोडा कमी येईल एवढंच. ज्यांना साडीच नेसायची आहे त्यांनी रुंद पट्ट्याची, अंगावर आडवी घ्यायची छोटी बॅग घ्यावी, पण तिच्यात दीड किलोच्या वर काही ठेवू नये. अडचण नेमकी इथेच आहे. घरच्या सहलीत पर्स नावापुरती आईची असते. त्यात बाबांचा चष्मा, मुलीचा चार्जर, धाकट्याचा बदलायचा शर्ट, आजोबांच्या गोळ्या आणि सगळ्यांच्या वाटची पाण्याची बाटली असते. ‘जरा हे तुझ्याकडे ठेव’ असं म्हणत प्रत्येक जण हात मोकळे करून घेतो आणि गडावर पोचल्यावर आईला विचारतो, ‘दमलीस एवढ्यात?’ बॅग कुठली घ्यावी याचं उत्तर म्हणूनच दुकानात पूर्ण मिळत नाही. घरातल्या प्रत्येक धडधाकट माणसाकडे स्वतःची लहान बॅग आणि स्वतःचं पाणी असेल, तर कुणाचीच बॅग मोठी लागत नाही. तान्हं मूल असेल तर एक सॅक वीस लिटरची असू दे, पण ती आईनेच घ्यायची असा नियम कुठे लिहिलेला नाही.

दुसरा आक्षेप चोरीचा. पाठीवरची चेन मागच्या मागे कुणी उघडली तर? अंगारकीला गणपतीपुळ्यात किंवा मे महिन्यात एसटी स्टँडवर गर्दी असते तेव्हा ही भीती अनाठायी नाही. पण उपाय सोपा आहे. गर्दीत शिरताना सॅक पुढे पोटाशी घ्यायची, जसं मुंबईच्या लोकलमध्ये रोज करतात. पैसे आणि मोबाइल मुळात सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवायचेच नाहीत. पाठीला टेकणाऱ्या बाजूला आतला कप्पा असेल तर तिथे, नाहीतर अंगावरच्या खिशात. खांद्यावर लोंबणारी उघड्या तोंडाची पर्स याहून सुरक्षित असते असं मानायला काही आधार नाही. तिसरे म्हणतात, गाडी आहे, बॅग गाडीत ठेवू. गाडी पायऱ्यांपाशी थांबते, तहान वर गेल्यावर लागते. शिवाय उन्हात तापलेल्या बंद गाडीत औषधं आणि पॉवर बँक ठेवणं बरं नव्हे. लहान बॅगेचा आणखी एक फायदा रत्नागिरीबाहेरही कामी येतो. ताजमहालात मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, आणि व्हॅटिकनच्या संग्रहालयांत ४० बाय ३५ बाय १५ सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग बाहेर जमा करावी लागते. म्हणजे एकदा नीट घेतलेली बॅग किल्ल्यावरही चालते आणि परदेशातही.

कोकणापुरत्या दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ‘वॉटरप्रूफ’ असं लेबल असलेल्या बहुतेक सॅकचं कापड पाणी अडवतं, पण शिवणीतून आणि चेनमधून ते आत येतंच. म्हणून पावसाळ्यात वरून घालायचं कव्हर हवंच, आणि मोबाइल, पैसे, औषधं आत वेगळ्या बंद पाकिटात. दुसरी गोष्ट खाऱ्या हवेची. धातूची चेन समुद्रकाठी लवकर गंजते आणि एक दिवस अर्ध्यावर अडकते. नायलॉनच्या चेनला तो त्रास कमी. वाळूवरून आल्यावर सॅक उलटी करून झटकावी आणि चेनवरून ओलं फडकं फिरवावं, म्हणजे ती वर्षानुवर्षं टिकते. उरला प्रश्न खरेदीचा. आंबा पोळी, फणसपोळी, कोकम, काजू घेतल्याशिवाय कुणी रत्नागिरी सोडत नाही. पण परतीच्या खरेदीसाठी सकाळपासून मोठी बॅग वागवणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. घडी करून मुठीत मावेल अशी कापडी पिशवी सॅकच्या तळाशी ठेवावी आणि खरेदी दिवसाच्या शेवटी करावी. २०१८पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी असल्याने कापडी पिशवी तशीही लागतेच.

आता दुकानात काय पाहायचं ते. रंग आणि कंपनीचं नाव नंतर. आधी पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या मागून घ्या किंवा घरून न्या, त्या सॅकमध्ये टाका आणि पाच मिनिटं दुकानाबाहेर चाला. रिकामी सॅक प्रत्येकालाच छान बसते, दोन किलो आत गेल्यावर तिचा स्वभाव कळतो. पट्टे निदान तीन बोटं रुंद आणि आतून भरीव असावेत. सॅकचा तळ कंबरेच्या खाली लोंबता कामा नये. लोंबत असेल तर पट्टे आवळून पाहा, तरीही खाली राहिली तर ती तुमच्या मापाची नाही. पट्टा जिथे बॅगेला जोडला आहे तिथे एकच सरळ शिवण आहे की चौकटीत फुलीची घट्ट शिलाई आहे ते बोटाने चाचपून पाहा, कारण सॅक आधी तिथेच उसवते. बाजूच्या कप्प्यात बाटली ठेवून वाका, चपला काढताना वाकता तसं. बाटली बाहेर पडली तर ती बॅग तिथेच ठेवा. चेन एका हाताने उघडते का पाहा, आणि आतलं कापड फिक्या रंगाचं असेल तर बरं, काळ्या अस्तरात काळ्या किल्ल्या सापडत नाहीत. भरताना बाटली, पॉवर बँक असं जड सामान पाठीलगत आणि नॅपकिन, खाऊ पुढच्या बाजूला.

शेवटचा आक्षेप पैशाचा. दिवसाच्या फिरण्यासाठी वेगळी बॅग कशाला, आहे त्यात भागवू. जरूर भागवा. मुलाचं जुनं दप्तर वरच्या कसोट्यांना उतरत असेल आणि आकाराने लहान असेल, तर नव्या बॅगेवर एक रुपयाही घालवू नका. महागडी बॅग जड सामान हलकं करत नाही आणि स्वस्त सॅक नीट बसली तर कुणाचा खांदा दुखत नाही. म्हणून येत्या सुट्टीत रत्नागिरीला येणाऱ्या आपल्या पाहुण्यांना निघण्याआधीच कळवा: मोठ्या बॅगा लॉजवर ठेवा, प्रत्येकाने आपली लहान सॅक आणि आपलं पाणी घ्या, आणि सगळं मिळून तीन किलोच्या आत ठेवा.