कात्रीवाल्या मित्रास

गेल्या महिन्यात रेक्टरच्या ऑफिसबाहेरच्या कप्प्यात फिनलंडहून आलेलं माझं पोस्टकार्ड सापडलं. उजवा कोपरा गायब! तिकीट कुणीतरी कात्रीने कापून नेलेलं. मित्रा, आधी अभिनंदन. त्या धुळकट कप्प्यात माझ्याशिवाय आणखी कुणी डोकावतं, हे तरी कळलं.

पण नेलंस काय? कोपऱ्याबरोबर शिक्का गेला, म्हणजे गाव आणि तारीख गेली. शेजारी लिहिलेला कार्डाचा नंबरही गेला. हे कार्ड पोस्टक्रॉसिंगचं. २००५ साली पोर्तुगालमध्ये सुरू झालेला हा उद्योग; अनोळखी माणसं एकमेकांना कार्डं पाठवतात. मी नंबर नोंदवला, की मगच पाठवणाऱ्याला तिसऱ्याच कुणाकडून तरी कार्ड येतं. म्हणजे तुझ्या कात्रीपायी तिकडे एक बाई वाट बघत बसलीय. बिचारीने थंडीबद्दल जागा पुरेना इतकं लिहिलं होतं!

नुसती तिकिटं तर बाजारात पाकिटाने मिळतात. त्यातली कित्येक पत्राला कधी लागलेलीच नसतात, शिक्का मारूनच विकायला काढलेली. माझ्या मते अख्खं कार्डच जपावं. डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेने तर चारशे वर्षांनंतर, २०२५ अखेर, पत्रं वाटणंच बंद केलं. तिकडची जुनी दोन कार्डं माझ्याकडे आहेत, बघायला ये.

हंगेरीची डबल तिकिटंही पडून आहेत, देश 'मग्यार' नावाने छापलेली. हवी तेवढी ने. तो कोपरा मात्र दाराखालून सरकव. तिकीट ठेव हवं तर, नंबर तेवढा दे.