ड्रॅक्युलाचा वाडा आणि बहिणीचा डाव

दिवाळीत अंगणात जो मातीचा किल्ला उभा राहतो, त्याचा मालक बहुधा घरातला मुलगा असतो. चिखल कालवायला बहीण, पाणी वाहायला बहीण, उतारावर मोहरी पेरून हिरवळ उगवायलाही बहीणच. पण महाराजांना सिंहासनावर बसवण्याचा मान मात्र चिरंजीवांचा! अलीकडे हा किल्ला अंगणातून उठून मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. माती गेली, मोहरी गेली. मालकी मात्र होती तशीच राहिली. वाचकहो, माझे आजचे भांडण त्या मालकीशी आहे.

ते भांडण मांडण्याआधी दुसरे एक भांडण मिटवले पाहिजे, कारण वडीलधारी मंडळी नेमकी तिथेच अडून बसतात. पालकांच्या सभेत हमखास कोणीतरी उठतो आणि म्हणतो, "गुरुजी, या खेळांत नुसती भुते, रक्त आणि वटवाघळे! पोरांच्या मनावर काय परिणाम होणार?" मी त्यांना विचारतो, तुमच्या मनावर काय झाला? बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांचे झुंजार आणि काळापहाड भूगोलाच्या पुस्तकाआड कोणी वाचले? नारायण धारपांच्या भयकथा वाचून रात्री कंदील मोठा कोणी केला? ती पिढी बिघडली नाही. तीच आज सभेत उभी राहून पोरांना उपदेश करते आहे! पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची गोष्ट निराळी. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, आणि तो हवाच होता. पण जुगार वेगळा आणि गोष्ट वेगळी. गोष्टीतल्या भुताला घाबरायचे कारण नाही. त्या भुताला जिंकतो कोण आणि कसे, एवढे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे.

त्यासाठी एकच खेळ घेऊ. 'कॅसलव्हेनिया' ही जपानच्या कोनामी कंपनीची १९८६ पासूनची खेळमाला. तिच्यातला 'पोर्ट्रेट ऑफ रुइन' हा भाग २००६ साली निघाला. तेव्हा तो दोन पडद्यांच्या एका हातयंत्रावर खेळत. २०२४ मध्ये नव्या यंत्रांसाठी तो पुन्हा काढण्यात आला, त्यामुळे आजही तो कोणाला खेळता येतो. कथेचा काळ १९४४. महायुद्धात मेलेल्यांच्या अतृप्त आत्म्यांमुळे ड्रॅक्युलाचा वाडा पुन्हा जमिनीतून वर आला आहे. ब्राउनर नावाच्या एका रक्तपिपासू चित्रकाराने तो बळकावला आहे. वाड्यात त्याची चित्रे टांगलेली असतात आणि चित्रात पाऊल टाकले की माणूस निराळ्याच जगात जातो. कुठे धुक्यातले शहर, कुठे मिसरी थडगे, कुठे सर्कस.

या वाड्यात दोघे शिरतात. जोनाथन मॉरिसच्या हाती पिढीजात चाबूक आहे. शार्लट ऑलिन या मुलीच्या हाती पुस्तक आणि ओठांवर मंत्र. खेळणाऱ्याने एक कळ दाबली की जोनाथनच्या जागी शार्लट पुढे येते. पुन्हा दाबली की जोनाथन. कुठे वजनदार वस्तू दोघांनी मिळून ढकलावी लागते, कुठे दोघांची शक्ती एकवटून घाव घालावा लागतो. आणि सोबत्याला फटका बसला की तो दोघांच्या सामायिक मंत्रशक्तीतून वजा होतो! "तिला लागले, मला काय त्याचे?" असे म्हणायची सोय त्या खेळात ठेवलेलीच नाही.

पण माझ्यातल्या कादंबरीकाराने टोपी काढली ती पुढच्या प्रसंगाला. ब्राउनरजवळ स्टेला आणि लोरेटा या दोन बहिणी आहेत. त्या वस्तुतः दुसऱ्याच एका वीराच्या मुली. आपल्या मेलेल्या मुलींच्या जागी ब्राउनरने त्यांना मोहिनी घालून ठेवले आहे, आणि त्या आपल्या नायकांवर शस्त्र घेऊन धावून येतात. आता आपल्या बहाद्दर चिरंजीवांना वाटते, आल्या अंगावर, घेतल्या शिंगावर! तो दोघींना ठार करतो आणि खेळ तिथेच संपतो. विजयाचे नगारे वाजत नाहीत. पदरी पडतो एक उदास, अपुरा शेवट. त्या दोघींना मारायचे नसते, मोहिनीतून सोडवायचे असते. त्यासाठीचा शुद्धीचा मंत्र एकट्या शार्लटला येतो. तो पुरा व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ घाव चुकवीत तग धरावा लागतो. तो साधला तरच वाड्यातली आणखी चार चित्रे उघडतात, खरी कथा पुढे सरकते आणि ड्रॅक्युलापर्यंतची वाट सापडते. चाबकाने जिंकणाऱ्याला अर्धा वाडा दिसतच नाही. नीतिपाठाच्या तासाला मी हे वर्षभर सांगितले तरी पोरे जांभया देतील. हा खेळ ते एका पराभवात शिकवतो.

ही अक्कल काही आजची नव्हे. वाडे, तळघरे, शाप आणि भुते यांच्या कथेला युरोपात गॉथिक म्हणतात. तिची सुरुवात होरेस वॉलपोलच्या १७६४ मधल्या 'कॅसल ऑफ ओट्रँटो'पासून धरतात. १८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' लिहिला. त्या कादंबरीत मीना नावाची बाई आहे. सगळ्यांच्या रोजनिश्या जमवून, टंकयंत्रावर उतरवून, तारीखवार लावून ती पुरुषांच्या हाती देते, तेव्हा कुठे त्यांना शत्रू कळतो. आणि मग हे शूर पुरुष काय ठरवतात? हे काम बाईमाणसाचे नव्हे, हिला यापुढे काही सांगायचे नाही! ते तिला घरी ठेवून राक्षसाची वखार शोधायला जातात आणि राक्षस नेमका तिच्याकडे येतो. पुढे त्याच्या पळण्याची वाट तर्काने हुडकून काढते तीही मीनाच. घरातल्या शहाण्या बाईला "काळजीपोटी" अंधारात ठेवले की त्याच अंधारातून राक्षस आत येतो, हे स्टोकरने सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे.

"हे सगळे परक्यांचे, आपल्याला काय त्याचे?" असे कोणी म्हणेल. त्यांनी आमच्या बुलढाणा जिल्ह्यात यावे. लोणारला उल्केच्या आघाताने काळ्या बेसॉल्टात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे. त्याच्या पोटात खारे पाणी आणि काठावर पडकी देवळे. २०२० च्या जूनमध्ये ते पाणी गुलाबी झाले होते. मिठात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांची ती करणी, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. पण पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा राहिला नाही. आणि कथा तर याहून थोर! लवणासुर भूमीच्या पोटात दडून बसलेला. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, असुराच्या बहिणींना मोह पडला, त्यांनी भावाची जागा सांगितली. देवाने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि असुराला मारले. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्या कथेची साक्ष देत उभे आहे. वाडा नाही तर विवर आहे, तळघर आहे, राक्षस आहे आणि त्याच्या बहिणीसुद्धा आहेत. देवाच्या पराक्रमाला माझा दंडवत. पण आमच्याकडे ही कथा सांगणारे असुर मेला की थांबतात. त्या बहिणींचे पुढे काय झाले, त्या कुठे गेल्या, हे मला आजवर कोणी सांगितले नाही. कोणाला विचारावेसेही वाटले नाही! त्या जपानी मंडळींना वाटले, आणि त्यांनी बहिणींना सोडवण्यावरच अख्खा खेळ तोलला. तो फरक मला बोचतो.

आपल्याला हे जमणार नाही, असेही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनी 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ २०२० साली काढला. त्यासाठी लोकांकडून वर्गणी जमवण्याचा त्यांचा प्रयत्न २०१७ मध्ये फसला होता, तरी त्यांनी काम सोडले नाही. कथा अशी : राखीच्या दिवशी राक्षस धाकट्या गोलूला पळवून नेतात आणि सर्कशीत कसरती करणारी त्याची बहीण राजी दुर्गेचे त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. म्हणजे रक्षण करणारी बहीण पडद्यावर तरी आली. आता प्रश्न एवढाच, की तो पडदा घरात कोणाच्या हातात आहे?

इथे मी माझ्या मूळ भांडणाशी येतो. गावात बहुतेक घरी मुलांच्या वाट्याला एकच मोबाइल असतो. त्यावर संध्याकाळी दादा खेळतो. ताई भाकऱ्या थापते, आणि भाकऱ्या झाल्या की मान लांब करून त्याच्या खांद्यावरून बघते. तिने हात पुढे केला की उत्तरे तयार असतात : मुलींना त्यातले काय कळते, मुलीच्या हाती मोबाइल म्हणजे नसती बला, तिने अभ्यास करावा. अभ्यास करावा हे खरे. मग दादाने का करू नये? आणि त्यातले काय कळते, हे हातात दिल्याशिवाय कळणार कसे? बला असेल तर ती दोघांनाही सारखीच; तेव्हा दोघांनाही घड्याळ लावून अर्धा-अर्धा तास द्या आणि मोबाइल उचलून ठेवा. त्याला माझी ना नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा खेळण्यासाठी केवढा आकांडतांडव! पण सवय एवढ्याशा गोष्टीतच लागते. सिंदखेडराजा आमच्याच जिल्ह्यात. तिथे १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म झाला, म्हणून आम्ही जिल्ह्याला मातृतीर्थ म्हणतो आणि दर जानेवारीत जयजयकाराने रस्ते दणाणून सोडतो. त्याच जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर १००० मुलांमागे मुली ९०० सुद्धा भरल्या नाहीत. ज्या घरात तिला खेळाचा डाव मिळत नाही, त्याच्याच शेजारच्या घरात तिला जन्माचाही डाव मिळत नाही. दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच : घराचा नायक एकच असतो, आणि तो मुलगा असतो.

तेव्हा पालकहो, भुतांवर बंदी घालू नका. एकट्या नायकावर घाला. आणि दादा, तुझ्याशीही दोन शब्द. भाऊबीजेला ताटात पैसे टाकतोस, ते टाकच. पण त्या संध्याकाळी मोबाइलही तिच्या हाती दे, तिच्या शेजारी बस आणि तिला वाट सापडेपर्यंत मध्ये बोलू नकोस. वाडा मोठा आहे. तुझ्या एकट्याने तो पुरा व्हायचा नाही.