किडनीच्या आजाराआड लपलेला क्षयरोग

फैजपूर परिसरात केळीच्या बागांत राबणाऱ्या आपल्या माणसांपैकी कुणी डायलिसिसवर गेला, की ताप, घटलेले वजन, मेलेली भूक हे सगळे ‘किडनीचेच’ ठरते. पण या रुग्णांत प्रतिकारशक्ती कमी असते आणि क्षयरोग अनेकदा फुफ्फुसाबाहेर, गाठींत होतो, खोकला नसतोही. २०२१च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत डायलिसिसच्या रुग्णांना क्षयप्रतिबंधक उपचारांसाठी पात्र धरले आहे. ‘२०२५पर्यंत क्षयमुक्ती’ची घोषणा हुकली. निक्षय पोषण योजनेचे दरमहा १००० रुपये निदानानंतरच मिळतात. निदानच झाले नाही तर?

रुग्णसेवा ही बुद्धाची शिकवण. विहारातील तरुणांनो, वस्तीतील डायलिसिस रुग्णांना भेटा, त्यांच्यासोबत सरकारी दवाखान्यात जा आणि क्षयतपासणी हक्काने मागा. जय भीम!