कुशीवर कोण वळवणार?

मणक्याला इजा झालेल्या माणसांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे २००९चा ‘सरोगेट्स’ हा सिनेमा मी फिजिओथेरपिस्टच्याच डोळ्यांनी पाहिला. बॉस्टनमधली जवळजवळ सगळी माणसं घरी खुर्चीत पडून असतात आणि त्यांच्या जागी देखणे, तरुण यंत्रमानव ऑफिसला, बाजारात, पार्टीला जातात. यंत्राला काहीही झालं तरी घरातला माणूस सुखरूप, ही कंपनीची हमी. मग एक असं हत्यार निघतं, की यंत्राबरोबर घरातला माणूसही मरतो. तपासाला ब्रूस विलिस, म्हणजे एफबीआयचा ग्रीअर. लोक खुनी कोण म्हणून बघत असतील. मी त्या खुर्च्या बघत होते. रोज इतके तास पडून राहणाऱ्यांच्या माकडहाडावर एकही जखम नाही? आणि पिंडऱ्या शाबूत कशा?

ग्रीअरचं यंत्र मोडतं, तेव्हा तो स्वतःच्या पायांनी रस्त्यावर येतो. जरा बावचळतो, आणि थोड्याच वेळात मारामाऱ्या करायला मोकळा. आमच्याकडे महिनाभर अंथरुणावर असलेल्या माणसाला आधी टेकून बसवतात, मग पाय खाली सोडायला लावतात, आणि तेवढ्यानंही त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. जर्मनीत कोलोनला अंतराळवीरांसाठीच्या संशोधनात धडधाकट माणसांना ६० दिवस पलंगावर ठेवतात, डोक्याची बाजू ६ अंश खाली करून. त्यांचेसुद्धा स्नायू झडतात, हाडं विरळ होतात.

सिनेमाला एवढी सूट देता येईल. पण या अख्ख्या शहरात अंघोळ घालणारं, लघवीची पिशवी बदलणारं, कुशीवर वळवणारं एकही माणूस दिसत नाही, ते मला खटकलं. ही यंत्रं शोधणारा डॉ. कँटर स्वतः व्हीलचेअरवर आहे. मुळात अपंगांसाठीच त्यानं ती बनवली. सुरुवातीला हे सांगून सिनेमा ते विसरूनच जातो. शेवटी ग्रीअर सगळी यंत्रं एकदम कोसळू देतो आणि लोक घरच्या कपड्यांत, बिचकत रस्त्यावर येतात. दिग्दर्शकाच्या लेखी ही सुटका. ज्यांना खुर्चीतून उठताच येत नाही, त्यांच्या दाराशी कॅमेरा जात नाही.

सिनेमाबाहेर मात्र अशा माणसांसाठीची यंत्रं खरोखरच आहेत. तोक्योच्या निहोनबाशी भागात २०२१पासून एक कॅफे आहे. तिथे ऑरिहिमे नावाचे रोबो ग्राहकांशी बोलतात, आणि त्यांचा १२० सेंटिमीटर उंचीचा मोठा भाऊ ट्रे घेऊन टेबलाशी येतो. चालवणारे आपापल्या घरी किंवा रुग्णालयात असतात: कुणाला एएलएस, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाणारा आजार, कुणाला मणक्याची इजा. काहीजण नुसत्या डोळ्यांच्या हालचालीनं रोबो चालवतात. या कामाचा त्यांना पगार मिळतो. हे रोबो बनवणारा केंतारो योशिफुजी लहानपणी आजारपणामुळे काही वर्षं शाळेला जाऊ शकला नव्हता. मला त्या रोबोंचं पांढरं, मुखवट्यासारखं तोंड आवडतं. ते माणूस असल्याचा आव आणत नाहीत.

पण खरी गोम जपानच्या नियमांत होती. गंभीर अपंगत्व असलेल्यांना घरी मदतनीस मिळतो, खर्च बहुतांशी सरकारचा. मात्र नोकरीच्या तासांना ही मदत लागू नव्हती. २०१९मध्ये एएलएस असलेले यासुहिको फुनागो आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या एइको किमुरा वरिष्ठ सभागृहावर निवडून आले आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला: खासदारकी हे काम धरलं, तर सभागृहात आम्हाला सांभाळणाऱ्याचे पैसे कोण देणार? अखेर तूर्त सभागृहानंच तो खर्च उचलायचं ठरलं. पुढे काही नगरपालिकांमार्फत कामाच्या वेळेतही मदत मिळायला सुरुवात झाली. म्हणजे तोवर हिशेब असा, की रिकामे पडून राहाल तर सरकार कुशीवर वळवेल, कमवायला लागलात की तुमचं तुम्ही बघा.

आपल्याकडे तर तो मदतनीस बहुतेक घरांत बायको किंवा आई असते. माझा एक रुग्ण आंब्यावरून पडला. छातीखाली संवेदना नाही. डोकं तल्लख आहे, भावाच्या दुकानाचा हिशेब तो फोनवरून सांभाळतो. त्याची बायको दर दोन तासांनी त्याला वळवते, रात्रीसुद्धा, गजर लावून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे. या घरात तो भत्ता मी अजून पाहिलेला नाही.

उद्या त्याला रोबोवरची नोकरी मिळाली तर पेढे मीच वाटीन. पण अशी योजना घेऊन कुणी आलं, तर रोबोची किंमत मला नंतर सांगा. आठ तासांच्या पाळीत त्याला चार वेळा वळवावं लागेल. ते करणारीचा पगार कुठल्या रकान्यात धरलाय, तो कागद आधी दाखवा.