वजन उतरल्यानंतर

पर्युषणाच्या आधी मंचरच्या पेठेतल्या एक परिचित भगिनी विम्याची फाईल घेऊन आमच्या घरी आल्या. बँक सोडून काही वर्षे झाली, तरी लोक कागद दाखवायला येतात. दोन वर्षांपूर्वी पुण्यात त्यांची ‘स्लीव्ह’ ही जठराचा बराचसा भाग काढून टाकणारी शस्त्रक्रिया झाली होती. मधुमेह आटोक्यात आला, गुडघे दुखायचे थांबले, चाळीस किलो वजन उतरले. तो खर्च विमा कंपनीने दिला होता. आता पोटावर लोंबणारी कातडी काढायची, तर त्याचेही पैसे मिळतील का, हा त्यांचा प्रश्न.

विमा नियामक प्राधिकरणाने 2019 मध्ये अटी प्रमाणित केल्या. बीएमआय 40, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास 35, एवढा असेल तर स्थूलतेची शस्त्रक्रिया मान्य होऊ शकते. प्लास्टिक सर्जरी मात्र अपघात, भाजणे, कर्करोग असे अपवाद सोडून वगळलेली आहे. म्हणजे चरबी हा आजार आणि तिच्यामागे उरलेली कातडी ही हौस! एक फट तेवढी आहे : प्रकृतीला थेट धोका असून उपचार अत्यावश्यक आहे, असे डॉक्टरांनी लिहून द्यावे लागते.

फाईल मिटली, तरी त्या उठल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, “काकी, लग्नकार्यात सगळे कौतुक करतात. पण आरशात बघवत नाही. दिवा मालवल्याशिवाय ह्यांच्याजवळ जात नाही, आणि आताशा तेही टाळते. जाड होते तेव्हा एवढी लाज वाटत नव्हती.” पतीने कधी वावगा शब्द काढला नव्हता, हेही त्यांनीच सांगितले.

वर्षानुवर्षे ताणलेली त्वचा चरबीबरोबर आक्रसत नाही. त्यात त्यांचा दोष काहीच नव्हता, पण हे त्यांना कोणी आधी सांगितलेच नव्हते. ‘जामा सर्जरी’ या अमेरिकी नियतकालिकात 2014 मध्ये 106 स्त्रियांचा अभ्यास आला. शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी त्यांचे कामजीवन आणि स्वतःच्या शरीराविषयीचे मत, दोन्ही सरासरीने सुधारले होते. सरासरी मी आयुष्यभर हाताळली आहे. ती शाखेचा नफा सांगते, एका खातेदाराची अडचण सांगत नाही.

तरुण सुनांसाठी आणखी एक गोष्ट. वजन घटले की अनियमित पाळी मार्गावर येते आणि अनपेक्षित दिवस जाऊ शकतात. डॉक्टर मात्र बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळायला सांगतात. बायपास झाली असेल तर गोळ्या पुरेशा शोषल्या जातीलच असे नाही. तांबीसारखा दुसरा उपाय विचारून घ्यावा. ही चौकशी सासूने केली तरी काही बिघडत नाही.

थकवा, केस गळणे, इच्छा मंदावणे यांमागे लोह किंवा बी-12 यांची कमतरता असू शकते. आपण शाकाहारी, त्यात जठर लहान झालेले. तपासणी चुकवू नये. पाणीही घोट-घोट, दिवसभर प्यावे लागते. म्हणून उपवास किंवा चौविहार धरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. त्या भगिनी यंदा अठ्ठाई करणार होत्या. तूर्त थांबल्या आहेत.

कातडीच्या घडीत पावसाळ्यात चट्टे उठतात, असे त्या बोलता बोलता म्हणाल्या. त्यांची तारीखवार नोंद आणि त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी फाईलला जोडायला मी सांगितले. दुसऱ्या गोष्टीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना पतीला बरोबर न्या, असेही सुचवले. “ते येतील का?” त्यांनी विचारले. मी म्हटले, विचारलेत का कधी? परवा त्यांचा फोन आला : सोमवारी दोघे पुण्याला जात आहेत.